बेळगावपर्यंत थांबत थांबत

माझे वडील, अप्पा, सात वर्षं बेंगळुरूच्या बाहेर पडले नव्हते. लग्न असो, बारसं असो, "तुम्ही जाऊन या, घराला कुणीतरी हवं" एवढंच म्हणायचे. जे. पी. नगरात आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, खाली रखवालदार असतो, घराला कुणाची गरज नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. आम्ही समजलो, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी माणसाला हिंडायचा कंटाळा येणारच.

खरं कारण मला जयनगरच्या बाजारात कळलं. त्यांच्या चष्म्याची दांडी मोडली होती म्हणून दोघं गेलो होतो. चष्म्याचं दुकान समोर दिसत होतं, तरी अप्पा भलत्याच गल्लीत वळले. मी म्हटलं, "इकडून जवळ आहे." ते म्हणाले, "इकडून नको." मग ते वाचनालयापाशी घुटमळले, तिथून बँकेच्या दारावरून गेले, आणि शेवटी एका कापडाच्या दुकानात शिरून गल्ल्यावरच्या बाईंना हळूच म्हणाले, "अक्का, स्वल्प..." कन्नडमध्ये 'ताई, जरा...' एवढंच, पुढचं बोललेच नाहीत. बाईंनी वर न बघता मागच्या दाराकडे हात केला. त्यांना सवय होती.

मी दुकानात साड्यांच्या चळतीपाशी उभी राहिले आणि मला सगळं उमगलं. ज्या रस्त्यावर संडास आहे तोच अप्पांचा रस्ता. मी पंचवीस वर्षं इमारतींचे आराखडे काढते, आणि माझ्या घरातल्या माणसानं स्वतःच्या डोक्यात अख्ख्या जयनगरचा नकाशा काढून ठेवलेला मला दिसला नव्हता.

संध्याकाळी विचारलं तेव्हा त्यांनी पेपर खाली घेतला नाही. पेपराआडूनच म्हणाले, "पाऊण तास. त्याच्यापुढे माझा मला भरवसा नाही."

प्रोस्टेटसाठी डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, हेही तेव्हाच कळलं. हृदयाचं दुखणं असल्यामुळे शस्त्रक्रिया नको म्हणाले होते. मागे रेल्वेच्या हलत्या संडासात पडून त्यांचं मनगट मोडलं, तेव्हापासून रेल्वे बंद. विमानात पट्टा बांधून बसवतात आणि हवं तेव्हा उठू देत नाहीत, म्हणून तेही नको.

त्याच आठवड्यात बेळगावहून सुजाता वहिनीचा फोन आला. वहिनी म्हणजे माझ्या आतेभावाची बायको. अप्पांची थोरली बहीण, माझी आत्या, तिच्याकडेच असते. आत्या आता अठ्ठ्याऐंशीची. त्यांची आई लवकर गेली तेव्हा पाच वर्षांच्या अप्पांना तिनंच वाढवलं. वहिनी म्हणाली, "हल्ली डोळ्यांना फारसं दिसत नाही. फोनवर चेहरा दाखवला तर हातानं बाजूला सारतात. म्हणतात, काचेवर काय हात फिरवू? रोज विचारतात, बाळू कधी येतोय."

बाळू म्हणजे अप्पा.

निघायचं ठरलं ते असं

तुमकूरच्या पुढे शिरा गावाजवळ हमरस्त्यालगत एका जमीनमालकाला प्रवाशांसाठी थांबा बांधायचा होता. खाणं, चहा, गाड्या लावायला जागा, संडास. ते काम आमच्याकडे आलं होतं. मी अप्पांना म्हटलं, "मला बेळगावपर्यंतचे सगळे थांबे बघायचे आहेत. दर पाऊण तासाला उतरून मोजमापं घ्यायची आहेत. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवंय."

अप्पांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. त्यांना कळलं होतं, आणि मला कळलं होतं की त्यांना कळलंय.

"कामासाठी असेल तर येतो," ते म्हणाले.

पहिला दिवस: तुमकूरच्या अलीकडे, पलीकडे

नोव्हेंबर होता. सकाळी लवकर निघालो. नेलमंगलाच्या पुढे गेल्यावर शहर सुटलं आणि डोंगरांवर धुकं दिसायला लागलं. पहिला थांबा एका मोठ्या, काचांच्या फूड कोर्टवर घेतला. फरशी चकचकीत, कुंड्यांत खरी झाडं, आणि संडास पहिल्या मजल्यावर. अप्पांनी पायऱ्या मोजल्या: एकवीस. वर जाऊन आले आणि म्हणाले, "आत एकदम स्वच्छ आहे. पण तिथवर पोचणाराच तरुण लागतो." मी वहीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं.

क्यातसंद्राला तट्टे इडली खाल्ली. ताटलीएवढी, मऊ, वर लोण्याचा गोळा. अप्पांनी चटणी दोनदा मागितली, पण पाण्याच्या पेल्याला हात लावला नाही. "प्या की," म्हटलं. "पुढे बघू," म्हणाले. प्रवासात ते तहानलेले राहतात, हे तेव्हा पहिल्यांदा ध्यानात आलं.

गाडीत ते जुनं बोलायला लागले. अप्पा एका सरकारी तेल कंपनीत नकाशे काढायचे. दक्षिणेतल्या कितीतरी पेट्रोल पंपांचे आराखडे त्यांच्या टेबलावरून गेलेले. हा रस्ता त्यांनी एकेरी असताना पाहिलेला, दोन्हीकडे चिंचा आणि वड, समोरून ट्रक आला की एकानं मातीत उतरायचं. त्याच्याही आधी पायी चालणाऱ्यांसाठी छत्रं असायची, म्हणजे धर्मशाळा. झाडाला पार बांधलेला असे. उन्हाळ्यात अरवट्टिगे, म्हणजे पाणपोया लागत आणि पाण्याबरोबर ताकही मिळे. "आता बेंगळुरूत छत्र म्हटलं की लग्नाचा हॉल," अप्पा म्हणाले. "वाटसरू गेला, वऱ्हाडी राहिले."

मी त्यांना विलायतेचं सांगितलं. लग्नानंतर आम्ही दोन वर्षं तिथे होतो. तिकडे मोठे रस्ते नवे होते तेव्हा त्यांच्यावरची विश्रांतीस्थळं म्हणजे अपूर्वाई होती. काही ठिकाणी उपाहारगृह थेट रस्त्यावर पुलासारखं बांधलेलं. लोक नटूनथटून खाली धावणाऱ्या मोटारी बघत जेवायला जायचे. पुढे ती हौस ओसरली, जेवण फिकं झालं, लोक नावं ठेवायला लागले. पण एक नियम टिकला. संडास रात्रंदिवस उघडा, आणि काही विकत न घेता कुणीही जावं.

"नियमच आहे तसा?" अप्पांनी विचारलं.

"नियमच आहे."



हिरियूरच्या अलीकडे

शिऱ्याला माझी जागा बघितली. भुईमुगाचं शेत, कडेला एक जुनी चिंच. अप्पांनी टेपचं टोक धरलं, मी चालत गेले. सगळं छान चाललं होतं. तिथून निघाल्यावर मात्र पुढे नारळांचा ट्रक उलटलेला होता. रस्ताभर नारळ, वाहनांची रांग, आणि आम्ही मधोमध. पाऊण तास झाला. मग आणखी दहा मिनिटं.  अप्पांनी दाराची मूठ घट्ट धरली होती.

"अप्पा, इथेच गाडीच्या आडोशाला..."

"इथे नाही."

आमच्या शेजारी बस होती, खिडक्यांतून माणसं बघत होती. रांग हलली तशी मी मिळेल त्या वाटेनं गाडी पुढे काढली आणि पहिल्या पंपात घातली. अप्पा उतरून जवळजवळ धावत मागच्या बाजूला गेले. संडास कुठे असणार हे त्यांना विचारावं लागलं नाही. मी गाडी लावून पोचले तेव्हा ते बंद दारापाशी उभे होते. दाराला कुलूप होतं. किल्ली मॅनेजरकडे, आणि मॅनेजर जेवायला गेलेला.

अप्पा भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांच्या करड्या पॅंटवरून ओल चपलेपर्यंत उतरली होती.

 लहानपणी माझे कपडे बदलणारे हात ते. आता दोन्ही बाजूंना नुसते लोंबत होते. मी "अप्पा" म्हणाले तर त्यांनी मान हलवून मला थांबवलं.

पंपाला लागून पत्र्याच्या छपराचं एक चहाचं हॉटेल होतं. ते चालवणारी बाई, पन्नाशीची, कपाळावर मोठं कुंकू, तिथून हे बघत असावी. ती आली आणि माझ्याकडे न बघता सरळ अप्पांचा हात धरला.

"बन्नी, अण्णा," ती म्हणाली. "परवागिल्ला. परवागिल्ला." या अण्णा, काही हरकत नाही.

तिचं नाव शांतक्का. तिनं अप्पांना हॉटेलच्या पुढच्या अंगाला नेलं. तिथे सिमेंटच्या पत्र्यांची एक खोली होती, चुन्यानं पांढरी केलेली, रस्त्यावरून स्पष्ट दिसणारी. दाराला बाहेरून कडी होती, कुलूप नव्हतं. तिनं चुलीवरचं गरम पाणी बादलीत ओतलं, नवऱ्याचा धुतलेला पंचा आणून दारावर टाकला आणि मला म्हणाली, "तू इथे बस. आत जाऊ नकोस. त्यांचं ते करतील."

आत पाण्याचा आवाज येत होता. मी बाकावर बसले आणि मला रडू आलं. शांतक्कानं बघितलं. कांदा चिरत राहिली. थोड्या वेळानं स्वतःच सांगायला लागली. बस थांबली की बायका तिच्याकडे येऊन कानात विचारायच्या. ती त्यांना पंपाच्या मागे पाठवायची. कधी कुलूप, कधी अंधार, कधी तिथे माणसं पत्ते खेळत बसलेली. शेवटी तिनं आणि नवऱ्यानं मिळून ही संडासाची खोली बांधली.

"पण अशी अगदी पुढे का?" मी विचारलं. माझ्यातली आराखडे काढणारी बाई रडतानाही जागी होती.

"मागे असलं तर बायका जातच नाहीत," ती म्हणाली. "पुढे असलं तर लाजतात, पण जातात."

अप्पा बाहेर आले ते पंचा नेसून, वर पांढरा सदरा तसाच. चेहरा धुतलेला, पण डोळे खाली. माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "गाडी वळव. घरी जाऊ."

"अप्पा..."

"हा पंप मी काढलाय." त्यांनी हातानं पंपाकडे दाखवलं. "हाच म्हणत नाही. असे शेकडो. पुढे यंत्रं, बाजूला ऑफिस, हवा भरायची जागा. सगळं बसवून झालं की मागे कोपरा उरायचा. तिथे संडास. कुणी विचारलं नाही, मीही विचार केला नाही. उरलेली जागा ती." मग म्हणाले, "इतकी वर्षं किती बायका त्या भिंतीमागे गेल्या असतील. कितीजणी नसतील गेल्या."

शांतक्काला आमचं मराठी कळत नव्हतं. पण सूर कळला असावा. तिनं चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात, आणि मिरची भजी समोर ठेवली आणि अप्पांना विचारलं, "अण्णा, कुठे निघालात?"

अप्पांनी कन्नडमध्ये सांगितलं, थोरल्या बहिणीकडे, बेळगावला; तिनंच मला वाढवलं. पण आता परत जातोय.

"का?"

अप्पांनी नुसतं पंचाकडे बोट केलं.

शांतक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अक्कानं लहानाचं मोठं केलं म्हणता. तेव्हा तुमचे ओले कपडे कुणी बदलले? शेजारणीनं?"

 अप्पांना हसू फुटलं, आधी नाकातून, मग मोठ्यानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. भजी हातात तशीच. त्या हसण्यात आणखीही बरंच काही होतं. मी दुसरीकडे बघितलं.

जेवण झाल्यावर त्यांनी माझ्याकडे टेप मागितली. या वेळी खरोखरच कामासाठी. शांतक्काच्या खोलीत जाऊन त्यांनी मोजमापं घेतली आणि जुन्या वर्तमानपत्राच्या समासात रेघा मारून दिल्या: इथे भिंतीत एक आडवा पाइप, धरून उठायला, उंबरा काढून तिथे उतार. "म्हाताऱ्यांसाठी," ते म्हणाले. शांतक्कानं तो कागद घडी करून देवाच्या फोटोमागे खोचला.

निघताना तिनं अप्पांना दोन पेले पाणी पाजलं. "प्या, अण्णा. पुढे तीन चहाची हॉटेलं माझ्या ओळखीची आहेत. माझं नाव सांगा." तिनं त्यांची ठिकाणं सांगितली, ती मी लिहून घेतली.

दावणगेरे

चित्रदुर्गाजवळच्या डोंगरांवर पवनचक्क्या फिरत होत्या आणि अप्पा बोलत होते. सात वर्षांत इतके बोलले नव्हते. कुठल्या लग्नात ते का आले नाहीत, कुठल्या नाटकात अर्ध्यातून का उठले, बसमधून मधेच उतरून किती वेळा चालत घरी आले. मी म्हटलं, "मला सांगायचंत की." ते म्हणाले, "मुलीला काय सांगायचं असतं ते?" आणि लगेच, "आता सांगितलं की."

संध्याकाळी दावणगेऱ्याला मुक्काम केला. बेण्णे दोसे खाल्ले, लोण्यात निथळणारे, सोबत बटाट्याची पांढरी भाजी. आपल्याकडे डोशाच्या पोटात पिवळी भाजी दडवतात. इथे ती बाजूला, उघड. अप्पांना दोसा आवडला. पाणीही प्यायले.

दुसरा दिवस: हावेरीच्या पुढे

आज आमच्या थांब्यांत चोरी नव्हती. "थांब गं, वेळ झाली," अप्पा खुशाल सांगायचे, आणि उतरून त्या थांब्याला गुण द्यायचे. इथे दार बाहेर उघडतं, शाबास. इथे फरशी घसरते, नापास. इथे खुंटी नाही, माणसानं पिशवी काय दातांत धरायची?

हावेरी सोडल्यावर रस्त्याकडेला एका झाडाखाली ट्रक उभा होता आणि त्याच्या सावलीत एक ड्रायव्हर स्टोव्हवर पिठलं करत होता. नंबर सांगलीचा. मराठी ऐकून त्यानं आम्हाला चहा करून दिला. मी विचारलं, पलीकडे एवढं मोठं हॉटेल आहे, तिथे का नाही थांबलात?

"तिथं ट्रक लावू देत न्हाईत, ताई," तो म्हणाला. "कारवाल्यांची जागा ती. आम्ही चौदा तास गाडी चालवतो, अंघोळीला बोअरचं पाणी शोधत फिरतो."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी वहीत शिऱ्याच्या आराखड्यापुढे लिहिलं: ट्रकवाल्यांसाठी न्हाणी, सावली, पाठ टेकायला कट्टा. संडास समोर.

मग माती काळी झाली. कापूस, ज्वारी, धारवाडचा पेढा, कित्तूरचा फाटा.  बेळगावात शिरल्यावर अप्पांनी दोनदा भांग सारखा केला.

बेळगाव

आत्या ओसरीवर खुर्चीत बसली होती. वहिनीनं कानात सांगितलं तशी ती उठायला लागली. अप्पांनी जाऊन तिला धरलं. तिनं त्यांच्या कपाळावरून, गालांवरून, गळ्यावरून हात फिरवला, खांद्यापर्यंत. बराच वेळ.

"वाळलास की रे, बाळू," ती म्हणाली. "सात वर्षं. रागावलावतास?"

"नाही, अक्का."

"मग?"

अप्पा खाली तिच्या पायाशी बसले. मला वाटलं, आता घराला कुणीतरी हवं होतं म्हणतील. पण त्यांनी सांगितलं. पाऊण तासाचं, रेल्वेचं, पंपावरच्या कुलपाचं, पंचाचं, काही न लपवता, ओसरीवर, सुनेसमोर.

आत्या ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती.

"अगं बाई," ती म्हणाली, "मग तुला काय वाटलं, मी बेंगळुरूला का येत नाही? तुमच्याकडची हवा सोसत नाही म्हणत आले, ते काय खरं होतं? मला तर अर्धा ताससुद्धा धरवत नाही रे! सुजाताला सुद्धा सांगितलं नाही कधी."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात हातात तांब्या घेऊन उभीच राहिली. ओसरीवर ते दोघं एकमेकांचे हात धरून हसत होते आणि मधेच हसणं थांबवून एकमेकांकडे बघत होते. आत्याला तर नीट दिसतही नव्हतं.

चार दिवस राहिलो. पाचव्या दिवशी निघायच्या वेळी आत्या नऊवारी नेसून, काठी आणि पिशवी घेऊन फाटकाशी तयार होती. म्हणाली, "मी येणार. थांबत थांबत जायचं म्हणतेस ना?"

परतीच्या वाटेवर

बेळगाव सोडून वीस किलोमीटर झाले नाहीत तोच आत्यानं माझ्या खांद्याला बोट लावलं. जवळच एक पंप होता. संडास मागेच, पण उघडा होता. मी तिला आत सोडलं, दार लोटून घेतलं. आत एकटं उभं राहायची तिला भीती वाटते, दिसत नाही म्हणून. मी आत थांबते म्हटलं तर ऐकेना.

अप्पा दाराबाहेर उभे होते. एका हातात तिची काठी, दुसऱ्या खांद्याला तिची पिशवी. समोर एक बस येऊन थांबली, माणसं उतरायला लागली.

"बाळू," आतून आवाज आला, "आहेस ना रे?"

"आहे, अक्का."

"मग बोलत राहा. काहीही बोल."

अप्पांनी एकदा त्या गर्दीकडे बघितलं. मग दाराला पाठ लावून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागले. समोरच्या शेतात ज्वारी किती उंच आहे, कणसं भरायला लागलीत, बांधावर दोन बैल बसलेत, एक पांढरा, एक तांबडा, आभाळात ढग नाही, आणि घाई मुळीच नको, अक्का, आम्ही इथे आहोत.